निळा ठिपका, पिवळा ठिपका

— नाही, तिकडे परत नका जाऊ. डॉक्टर एकदा म्हणाले ना गर्दी नको, म्हणजे नको. माणूस चांगला आहे, पण हातात नळी आली की आपलं-परकं बघत नाही. तुम्हालाही घालवलंच ना बाहेर? मग. बसा इथं. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, ती बादली पालथी घाला आणि तिच्यावर बसा. तुमची बर्फाची पेटी सावलीत सरकवा. चहा ठेवला होता मी, तो गेला उतू, गॅस बंद केला, आता काही मला घरात जाववत नाही. इथून निदान ऐकू तरी येतं. भिंत आहे, पण वरचा पत्रा एकच — दोन्ही गोठ्यांवरून सलग गेलाय — तिकडची गाय शिंकली तरी इकडे कळतं. ऐका. — नाही, ही आमचीच, खुंट्याला शिंग घासतेय. तिकडून काहीच येत नाहीये. तेच मला बरं वाटत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते — नाही विचारलं? बरं, विचारणार होतात, तोंडावर दिसतंय. तर हे तुमच्या पुडीनंच झालं. दुसरं काय असणार? इतकी वर्षं गाई सांभाळतोय आम्ही, दोन्हीकडे, आणि अशी पोटफुगी कधी झाली नव्हती. डावी कूस अशी वर आलीय पलीकडच्या भुरीची, पाठीच्या कण्याच्याही वर — मी गव्हाणीवर चढून बघितलं ना भिंतीपलीकडे — टिचकी मारली तर वाजेल. मान लांब करून उभी, जीभ बाहेर, श्वास घेतेय की नाही ते कळत नाही. आणि तुम्ही आजच यायचं. तुमचा काही दोष नाही हो, तुमचा दिवस ठरलेलाच होता, शेवटचं दूध न्यायचं, शेवटच्या बाटल्या भरायच्या. मला ठाऊक आहे. मी वाटच बघत होते तुमची, खरं तर. का ते सांगते नंतर. आधी ते तिकडचं निभावू दे.

सकाळी काय झालं — धारा उरकल्या होत्या. हे ओट्यावर चहा पीत बसलेले. आणि तिकडून धाकटी ओरडली. धाकटी म्हणजे माझी जाऊ, तुम्ही भेटलात तिला, आम्ही सगळे तिला धाकटीच म्हणतो. 'भुरी पडतेय, अहो कुणीतरी या, भुरी पडतेय.' आता घरात तिच्या कुणी नाही. भाऊजी — ह्यांचा धाकटा भाऊ हो, तुम्ही ज्यांच्याकडे पिवळ्या ठिपक्याची पुडी देता ते — ते डेअरीत दूध घालायला गेलेले. ह्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं मलाच सांगतील, जा बघ म्हणून. तर हे उठले, गोठ्यात आले, गव्हाणीवर पाय दिला आणि भिंतीवरून पलीकडे. अहो, ह्या वयात. गुडघा धड नाही, पायरी चढायची तर कठड्याला धरतात. रस्त्यानं गेले असते तर एवढासा वळसा आहे, तुम्ही आत्ता आलात तोच. पण नाही. त्या भिंतीला ह्यांनी आजवर साधा हात लावला नव्हता, तिला आमच्या बाजूनं गिलावा केलाय तोसुद्धा मी गवंड्याच्या मागे लागून करून घेतला. ती बघा, एक चप्पल इकडेच राहिलीय. उचलली नाही मी. का कोण जाणे.

पलीकडे जाऊन ह्यांनी काय केलं ते धाकटीनं मला सांगितलं, तिथूनच, ओरडून — भुरीचे पुढचे पाय उंचावर चढवले, शेणाच्या ढिगाकडे जो चढ आहे ना, तिथं. तोंडात आडवी काठी बांधली, म्हणजे ती चघळत राहते, लाळ सुटते, वारं सरायला मदत होते. आणि कूस चोळत उभे राहिले. मग भाऊजी आले. मोटारसायकल थांबल्याचा आवाज मी ऐकला. म्हटलं आता काही खरं नाही. भाऊजींच्या गोठ्यात हे, भाऊजींच्या गाईला हात लावून उभे. — काही नाही झालं. भाऊजी म्हणाले, 'डॉक्टरला फोन केला?' ह्यांना म्हणाले की धाकटीला, देव जाणे. धाकटी म्हणाली, 'केला.' बस. तेव्हापासून दोघंही आत आहेत, एक पुढून मान धरून, एक मागून कूस चोळत, आणि एकमेकांशी शब्द नाही. डॉक्टर येऊन इतका वेळ झाला, डॉक्टरच बोलतायत. 'मान वर धरा.' 'तेलाची बाटली द्या.' 'सरका.'

हां, ऐकलंत? काहीतरी ओतलं. तेलच असणार. आत सगळा फेस झालाय म्हणतात, नुसती नळी घालून वारं निघत नाही, आधी तो फेस मोडावा लागतो. आणि तेही नाही जमलं तर कुशीत सरळ भोक. नको बाई.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला अगदी आठवतो. डेअरीवाल्यांनी पाठवलं होतं तुम्हाला. तुम्ही इकडच्या गाई बघितल्या, तिकडच्या बघितल्या, चारा बघितला — चारा एकाच शेतातला, कारण शेत अजून एकत्र आहे, फक्त बांध मध्ये घातलाय; पाणी एकाच विहिरीचं; गाई एकाच जातीच्या, एकाच म्हाताऱ्या गाईच्या लेकी-नाती. आणि मध्ये भिंत. तुम्ही इतक्या खूश झालात. ह्यांना म्हणालात, 'काका, असं कुठं मिळत नाही, हे अगदी आदर्श आहे.' मी चुलीपाशी होते, मला हसू आवरेना. आमच्या घराला आदर्श म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. तुम्हाला भिंत का आहे ते माहीत नव्हतं, आणि आम्ही कशाला सांगतो.

मग त्या पुड्या. एकीवर निळा ठिपका, एकीवर पिवळा. एकीत ते खरं औषध — औषध नाही म्हणायचं, तुम्ही रागावला होतात मागे. एन्झाइम. हां. आणि दुसरीत नुसतं पीठ. मी विचारलं, 'आमच्या कशात काय आहे?' तर म्हणालात, 'मलाही माहीत नाही, मुद्दामच सांगत नाहीत आम्हाला.' आता तुम्हीच सांगा, आपण काय वाटत फिरतोय ते वाटणाऱ्यालाच ठाऊक नाही, ह्यावर कुणाचा विश्वास बसेल? ह्यांचा नाही बसला. हे म्हणाले, 'तिला सगळं ठाऊक आहे, गोड बोलते आहे.' मी तुमची बाजू घेतली हं. मी म्हटलं, पोरगी खोटं बोलणारी दिसत नाही.

आणि कामही मीच केलं सगळं. संध्याकाळी पुडी बादलीभर पाण्यात कालवायची, वाळल्या काडाची कुट्टी पसरायची, त्यावर शिंपडायची, खालीवर करायची, गोणपाट झाकून ठेवायची, सकाळी घालायची. तुम्ही समजावून सांगितलं होतं ते माझ्या डोक्यात बसलं — की गाईला काड पचत नाही, गाईच्या पोटात बारीक जंतू असतात त्यांना पचतं, आणि त्यांनाही लवकर जमत नाही, काड इतकं चिवट. तर हे एन्झाइम आधीच जाऊन त्याला ठिकठिकाणी कुरतडून ठेवतं, मग जंतूंना शिरायला वाट होते. मी म्हटलं, म्हणजे आपण कडधान्य रात्री भिजत घालतो तसं. तुम्ही म्हणालात, तसंच नाही अगदी. पण तुम्ही हसलात, म्हणजे थोडं तसं असणार.

— काय झालं? कोण बोललं? डॉक्टरच. 'पुन्हा घाला.' म्हणजे नळी पहिल्यांदा नीट गेली नाही. अहो किती वेळ. बसा, तुम्ही बसा, मी अशीच येरझारा घालते, माझ्याकडे लक्ष देऊ नका. ही आमची पण बघा कशी कान टवकारून उभी आहे, रवंथ थांबवलंय तिनं. त्यांना कळतं.

तर पहिल्या महिन्यातच तिकडचं दूध वाढलं. फार नाही, पण वाढलं. आम्हाला कसं कळलं? कुणी सांगायला नको. धार काढताना बादलीचा आवाज असतो — रिकामी असते तेव्हा टणटण, भरत आली की घुमतो. हे इकडे भुरीच्या मावशीची धार काढत बसायचे आणि कान तिकडे. आमची बादली घुमायच्या आत तिकडची घुमायला लागली. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ह्यांनी बादली उचलली, माझ्या हातात दिली, म्हणाले, 'आपल्या वाट्याला पीठ आलं.' एवढंच. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. हे भांडत नाहीत. हे गप्प होतात. जेवायला बसले की ताटात बोट फिरवत बसायचे. धाकट्याला सगळंच चांगलं मिळतं, असं काही म्हणायचे नाहीत हो, पण मी एवढी वर्षं काढलीत ह्यांच्याबरोबर, न बोललेलंही मला ऐकू येतं.

मग मी काय करणार? मी एक दिवस टोपलं पालथं घातलं, त्यावर चढले आणि भिंतीवरून हाक मारली. किती वर्षांनी. धाकटी शेण काढत होती. वर बघितलं आणि तिच्या हातातलं खोरं पडलं. म्हणाली, 'कुणी गेलं का?' म्हटलं, 'कुणी गेलं नाही, इकडे ये.' ती आली. इतकं काही साठलेलं होतं मनात, तिला सुनावायचं म्हणून घोकून ठेवलेलं, आणि तोंडातून काय निघालं — 'तुझी पुडी कुठल्या ठिपक्याची?' ती म्हणाली, 'पिवळ्या.' म्हटलं, 'तुमच्यात खरं आहे.' तर ती म्हणाली — बिचारी, तिला वाटलं मी भांडायला आले — 'जाऊबाई, मी मागितलं नव्हतं हो, त्यांनी दिलं.' आणि आत गेली आणि पुड्यांचा अख्खा डबा घेऊन आली, म्हणाली, 'हा घ्या तुम्ही, तुमचा आम्हाला द्या.' अशी आहे ती. मी म्हटलं, आणि मग तुझं दूध उतरलं की भाऊजी काय करतील? तेव्हा मीच तोडगा काढला. पिठाचा मोठा रिकामा डबा होता माझ्याकडे. दोन्ही पुड्या त्यात ओतायच्या, हलवायच्या, आणि निम्मं निम्मं. तेव्हापासून दोन्हीकडे सारखं —

काय झालं? असं काय बघताय?

बसा. अहो बसा. मी काय म्हटलं? — बरं, म्हटलं. म्हणून गेले. सांगायचं नव्हतं, पण आता म्हटलं तर म्हटलं. हो, दोन्हीत दोन्ही. हो, रोज. नाही, ह्यांना माहीत नाही, भाऊजींनाही नाही. तुम्हाला कोण सांगणार, तुम्ही तर म्हणालात तुम्हालाही काही माहीत नसायला हवं. — म्हणजे? सगळं वाया? असं कसं वाया जाईल, दूध वाढलंय ना? दोन्हीकडे वाढलंय. थोडं थोडं, पण बादली घुमते आता आमचीही. — नाही, ते मला कळतंय, तुम्हाला एकीकडे वाढलेलं आणि एकीकडे न वाढलेलं हवं होतं. मागच्या खेपेला तुम्ही म्हणत होता, आकडे अगदी जवळ आलेत, साहेब म्हणतात ह्या एन्झाइमचा काही गुण दिसत नाही. मला तेव्हाच बोलायचं होतं. गुण होता म्हणून तर आम्ही वाटून घेतलं. गुण नसता तर कोण वाटून घेतंय? हे सांगा ना तुमच्या साहेबांना. — नाही चालत. बरं. तुम्ही रडू नका हं. रडत नाही? मग डोळे का असे झालेत? अगं, माझं चुकलं असेल, पण मी काही तुझं नुकसान करायला नाही केलं ते. तुझी नोकरी तर नाही ना जाणार? एवढं तरी सांग. — तुम्हाला अगं म्हटलं मी. असू दे. लेक तुमच्याएवढीच आहे माझी, तिकडे लांब असते, म्हणून निघून गेलं तोंडातून.

थांबा. — नाही. मला वाटलं काहीतरी पडलं. कोण पडलं? कुणी नाही. डॉक्टर अजून 'धरा, धरा' करतायत, म्हणजे उभी आहे.

ती भुरी जाता कामा नये. दुसरी कुठली गाय असती तर एवढं नव्हतं, पण भुरी नको. आता सगळं सांगितलंच आहे तर हेही ऐका. ही भिंत भुरीमुळेच आहे. वाटणी झाली तेव्हा गाई मोजून सारख्या केल्या, सगळं नीट, शांतपणे. भाऊजींच्या वाट्याला जी आली ती गाभण होती. कुणाच्याच ध्यानात नव्हतं, नुकतीच राहिलेली. मग पोट दिसायला लागलं आणि हे म्हणाले, पोटातलं वाटणीत धरलं नव्हतं, ते दोघांचं. भाऊजी म्हणाले, गाय ज्याची तिचं पोटही त्याचंच. एवढंच होतं हो. पंचांना बोलावलं, पंचांनाही कळेना हसावं की काय. ह्यांना ते वासरू नकोच होतं, मी शपथेवर सांगते — ह्यांना फक्त भावानं एकदा 'घे' म्हणायला हवं होतं, म्हणजे हे 'राहू दे तुला' म्हणाले असते. आणि भाऊजींना वाटत होतं ह्यांनी एकदा 'राहू दे' म्हणावं, म्हणजे आपण 'घे' म्हणू. बसले दोघंही वाट बघत. तोवर गवंडी आला. भुरी जन्मली तेव्हा भिंत कमरेएवढी झालेली होती, हे त्या बाजूला तोंड करून उभे होते, आणि तिकडे ती पहिल्यांदा उभी राहिली ते ह्यांनी बघितलं. मग वरचे थर चढले.

म्हणून म्हणते, तुमच्या पुडीनं जर का ती —

नाही. असं नका बघू. पुडीचं काही नाही. मला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. तुम्ही तिथं डॉक्टरांना सगळं लिहून द्याल, प्रयोगातली गाय फुगली म्हणून, आणि धाकटीवर नाव येणार नाही, असं आलं माझ्या मनात. म्हणून म्हटलं. भुरी उघड्या फाटकातून लसूणघासात शिरली. दव होतं, ओला घास, कोवळा, आणि उपाशीपोटी. पोटभर खाल्ला तिनं. असं खाल्लं की फुगतेच गाय, कुणीही सांगेल. तुमचं एन्झाइम दिलेलं असो नाहीतर नसो.

आणि दावं कुणी सोडलं? धाकटीनं. धुवायला बाहेर काढलं होतं तिनं भुरीला. आणि बांधायच्या आधी मी हाक मारली. मीच मारली. ती दावं हातातून टाकून भिंतीपाशी आली, कारण आमची पुड्या मिसळायची वेळ तीच, हे अंघोळीला जातात तेव्हाची. आता वेळ लागतो तो नुसता पुड्यांना नाही लागत — बोलत बसतो आम्ही. ती टोपल्यावर, मी टोपल्यावर. काय बोलतो? काहीही. तिचा दात दुखतो त्याबद्दल. माझ्या लेकीच्या घरच्या फरशीबद्दल. आज मात्र मी बोलू नये ते बोलले. म्हणजे बोलायलाच हवं होतं, पण ह्यांनी मला सांगितलं होतं, कुणाला सांगू नकोस.

हे विकणार आहेत. गोठा, गाई, हे सगळं. लेक बोलावते आहे, गुडघा असा, आणि ह्यांचं मन उडालंय. माणूसही बघून ठेवलाय, तो पलीकडच्या रस्त्यावर म्हशी ठेवतो तो. तुम्ही आलात त्याच्या आधीच ठरत आलं होतं. मग तुमच्या पुड्या आल्या आणि हे थोडे थांबले — काय होतंय बघू म्हणाले. आणि तिकडचं दूध वाढलं, आपलं नाही, तेव्हा म्हणाले, 'बस झालं, सांगून टाकतो त्याला.' म्हणून मी चढले टोपल्यावर. तुम्हाला काय वाटलं, दोन वाट्या दुधासाठी चढले? आमची बादली घुमली की हे सकाळी शीळ घालतात. मी ऐकलीय. वाढलं दूध की हे परत गोठ्यात रेंगाळतात, गाईच्या मानेखाली खाजवतात, खिळा ठोकतात, पत्रा बघतात. तो माणूस दोनदा येऊन गेला, दोनदा हे 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाले. आणि आज पुड्या संपल्या. तुमचा शेवटचा दिवस. रात्रभर मला तेच — उद्यापासून बादली परत टणटण करणार. म्हणून मी धाकटीला सांगितलं आज, की असं आहे, गोठा जाणार आहे, भिंतीच्या ह्या बाजूला कोण येईल सांगता येत नाही. ती भिंतीवर हात ठेवून उभी राहिली आणि रडायला लागली, लहान पोरीसारखी. मीही. मग कसली भुरी आणि कसलं दावं.

आता कळलं मी तुमची वाट का बघत होते? तुमच्याकडे आणखी पुड्या असतील तर हव्या होत्या मला. पिवळ्या ठिपक्याच्या. पिठाच्या नकोत. उरलेल्या असतील, फुटलेल्या असतील, चालतील. आता मागायला तोंड नाही राहिलं, ते सोडा. पण मागते. तुम्ही नाही म्हणालात तरी मी —

आलं. ऐकलंत? आलं, आलं. केवढा मोठा आवाज, जशी टायरची हवा सुटावी. आणि हा वास — नाक धरा, हा भुरीचा वास आहे, आहाहा, ह्या वासाला कुणी नाक मुरडेल, त्याची किंमत मला विचारा. अजून येतंय. फेस मोडला. डॉक्टर हसतायत, ऐका. 'सुटली' म्हणतायत. धाकटी रडतेय की हसतेय — रडतेय. रडू दे. मी इथं भिंतीला धरून उभी राहते जरा. नाही, पाणी नको. — तुम्ही कुठं निघालात बाटली घेऊन? पोटातलं पाणी नळीतून आलं असेल ते हवंय? अहो, आत्ता? जाऊ द्या हो, बसा, त्या पाण्यात आता काय शोधाल, निळा की पिवळा.

श्श.

ह्यांचा आवाज आहे. डॉक्टरांशी बोलतायत का? नाही, डॉक्टर हात धुतायत, नळ चालू आहे. मग कुणाशी? — 'फाटकाला कडी नाही लावता येत?' हे म्हणतायत. कुणाला म्हणतायत? 'एवढा ओला घास, आणि फाटक सताड उघडं. किती वेळा सांगितलं होतं.' किती वेळा सांगितलं होतं म्हणे. कधी सांगितलं होतं? गेल्या जन्मी. — भाऊजी बोलतायत. हळू बोलतात ते, थांबा. 'कडी तुझ्याकडे राहिली, दादा. वाटणीत.' — दादा म्हणाले. ऐकलंत तुम्ही? — 'मग दुसरी लावायची, चार पैशांची कडी.' 'तू लाव की, तुला एवढी काळजी आहे तर.' 'मीच लावायची का? तुझ्या फाटकाला?' — चढला ह्यांचा आवाज. भाऊजींचाही चढला. बापरे, किती मोठ्यानं. नाही, नाही, तुम्ही उठू नका, मध्ये पडू नका कुणी, डॉक्टरांनाही सांगा मध्ये पडू नका म्हणावं. भांडू दे. भांडतायत ते.

तुम्ही निघा आता. पेटी घ्या, बर्फ वितळत असेल. साहेबांना काय सांगायचं ते उद्या या, बसून ठरवू, मी सांगेन तसं सांगा नाहीतर तुम्हाला हवं तसं सांगा. पण आत्ता निघा. काही विचारू नका. तुम्ही बोललात की मला तिकडचं ऐकू येत नाही.